घरगाडीचं पाणी

टाकीनाना पाण्याचा पेला तोंडाला लावायच्या आधी नाकाला लावायचे. डोळे मिटायचे, एक लांब श्वास घ्यायचे आणि क्षणभर थांबायचे. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, हा माणूस पाण्याला काहीतरी विचारून उत्तराची वाट बघतोय. उत्तर पटलं तर प्यायचे. नाही पटलं तर पेला हळूच खाली ठेवून म्हणायचे, "तहान नही." मे महिन्यात, भर दुपारी, घामाने सदरा पाठीला चिकटलेला असताना "तहान नही" म्हणणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

ते आमच्या फिरत्या दवाखान्याचे ड्रायव्हर होते. साक्रीहून निघून पश्चिमेकडच्या डोंगरातल्या पाड्यांवर आमची गाडी जायची. गाडीत एक डॉक्टर, औषधं देणारी मी आणि चाकामागे नाना. ती गाडी मुळात दवाखान्याची नव्हतीच. कुणा श्रीमंत कुटुंबाने सुट्टीत फिरायला ती बनवून घेतली होती. आत झोपायचा पलंग, छोटा ओटा, बेसिन, पलंगाखाली पिण्याच्या पाण्याची टाकी, बटण दाबलं की पाणी खेचणारा पंप आणि नळ. हौस फिटल्यावर त्यांनी ती आमच्या संस्थेला देऊन टाकली. पलंगावर पेशंट झोपू लागले, ओट्यावर माझ्या गोळ्यांचे डबे आले. पाड्यांवर तिचं नाव पडलं घरगाडी. आणि त्या गाडीच्या टाकीला आपल्या पोटच्या पोरासारखं जपणारे म्हणून नाना झाले टाकीनाना.

मी धरणगावजवळच्या एका खेड्यातली. आई कापूस वेचायला जायची, वडील जिनिंगमध्ये हमाली करायचे. आमच्या घरात पदवीचा कागद पहिला माझाच आला. फार्मसीची पदवी घेऊन मी साक्रीला रुजू झाले, तेव्हा माझ्याकडे दोन ड्रेस आणि भरपूर संकोच होता. पहिल्याच आठवड्यात नाना माझ्यासमोर एक जाडसर इंग्रजी पुस्तिका घेऊन आले. गाडीबरोबर आलेली, कोपरे दुमडलेली, कुणी कधी न वाचलेली.

"काय लिहेल शे त्यामा? माले वाची दाखाड, माय."

मी चाळली. गाडीतली पाण्याची व्यवस्था स्वच्छ आणि सुरक्षित कशी ठेवायची, यावर त्यात आठ-दहा पानं होती. मी एकेक वाक्य इंग्रजीत वाचायची आणि मराठीत सांगायची. नाना मांडी घालून, शाळेत बसावं तसे बसायचे. मध्येच हात वर करायचे. "थांब. ते परत सांग." आयुष्यात पहिल्यांदा माझ्या शिक्षणाचा कुणाला तरी उपयोग होत होता. नाना प्रत्येक पानाच्या शेवटी म्हणायचे, "शिकेल मानूस घरमा पाहिजे." मला फार बरं वाटायचं. त्या वाक्याने पुढे काय घडणार आहे हे तेव्हा कळलं असतं, तर मी ती पुस्तिका चुलीत घातली असती.

ऐकलेलं प्रत्येक वाक्य नानांनी स्वतःच्या भाषेत बसवून घेतलं. पुस्तिकेत लिहिलं होतं, पिण्याचं पाणी भरायची नळी वेगळी ठेवा, तिची तोंडं झाकून ठेवा, ती जमिनीला लागू देऊ नका. नानांनी पांढरी नळी आणली, दोन्ही टोकांना बुचं बसवली आणि ती गाडीत उंच खुंटीवर टांगली. तिचं नाव ठेवलं जावई. टायर धुवायच्या जुन्या हिरव्या नळीचं नाव सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. "जावईना पाय जमीनले लागाले नको," असं ते दरवेळी म्हणायचे. एकदा डॉक्टरांनी चिखलाचे बूट धुवायला चुकून पांढरी नळी ओढली. नाना धावत आले, नळी हातातून काढून घेतली आणि हिरवी दिली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "साहेबनी जावईले शेण काढाले लावं व्हतं." डॉक्टर पुढे दोन दिवस नळी उचलण्याआधी विचारायचे, "नाना, हा जावई की सालदार?"

दर शनिवारी टाकीचा उपास असायचा. गाडी परत आली की नाना तळाचा कॉक उघडून टाकी पूर्ण रिकामी करायचे. मग क्लोरीनचं औषध बादलीभर पाण्यात आधी पातळ करून टाकीत सोडायचे, वर स्वच्छ पाणी भरायचे, आणि नळ सोडून बसायचे. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येईपर्यंत बंद करायचे नाहीत, कारण टाकी धुतली पण नळीत घाण राहिली तर काय उपयोग. वास आला की नळाच्या तोंडाला आपला रुमाल बांधायचे. रुमाल बांधलेला असला की उपास, कुणी नळाला हात लावायचा नाही. सोमवारी ते पाणी सोडून द्यायचे, दोनदा-तीनदा साध्या पाण्याने टाकी खळबळून काढायचे, मग पेला भरून नाकाला लावायचे. नाकाने मान्य केलं की रुमाल सुटायचा. टाकी भरायच्या तोंडाला त्यांनी कुलूप घातलं होतं आणि किल्ली गाडीच्या किल्ल्यांच्याच जुडग्यात ठेवली होती. मी हसले तर म्हणाले, "गाडी चोरीले गयी तरी चाली. टाकी उघडी राहाले नको."

मी एकदा विचारलंच, की एवढं कशासाठी. पाड्यावरचे लोक झिऱ्याचं पाणी पितात. नाल्याच्या कोरड्या वाळूत खड्डा करायचा, त्यात पाणी झिरपेपर्यंत बसायचं आणि वाटीवाटीने हंडा भरायचा. त्यांच्यापुढे आमची टाकी आठवड्याला धुतली काय न् महिन्याला काय.

त्या दिवशी आम्ही एका आंब्याखाली डबे सोडून बसलो होतो. डबा खाऊन झाल्यावर, हात धुऊन, ते बोलायला लागले. आधी ते धुळ्याकडे एका ठेकेदाराचा पाण्याचा टँकर चालवायचे. उन्हाळाभर गावोगाव पाणी वाटायचे. टँकर धुवायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही कुणाला विचारलं नव्हतं. एका हंगामाच्या शेवटी झाकण अडकलं म्हणून ते वर चढले, आत वाकून पाहिलं, तर कोपऱ्यात एक पारवा होता. किती दिवसांचा, सांगता येत नव्हतं. पिसं सुटून आली होती.

"त्या पानीवर किती गावं जेवनात, माले ठाऊक नही. कोनी आजारी पडनं का, कोनी गयं का, काय बी ठाऊक नही," नाना म्हणाले. "मी इचाराले गयूच नही, माय. भ्याव वाटना."

टँकर त्यांनी दुसऱ्याच दिवशी सोडला. त्यानंतर ते आमच्या गाडीवर आले. त्या दुपारपासून मला कळलं, की टाकीला लावलेलं कुलूप चोरासाठी नव्हतं. आपल्या हातून पुन्हा कुणाच्या घशात घाण पाणी जाऊ नये, एवढी एकच गोष्ट या माणसाला उरलेल्या आयुष्याकडून हवी होती.

पाड्यांवर मात्र याचं वेगळंच झालं. गाडी थांबली की नाना नळ सोडून स्टीलच्या पेल्यातून येईल त्याला पाणी द्यायचे. लोकांना वाटायचं, या पाण्यात औषध आहे. पाय दुखणारी म्हातारी दोन पेले प्यायची आणि म्हणायची, आता गोळी नको. डॉक्टर वैतागायचे. नाना सांगून सांगून थकायचे, की औषध काही नाही, नुसतं स्वच्छ पाणी आहे. कुणी ऐकायचं नाही. गोळ्यांच्या रांगेपेक्षा नळाची रांग मोठी असायची.

वरच्या पाड्यावर जमनाअक्का होत्या. साठीच्या, ताठ कण्याच्या, जिभेला धार. पाड्यातल्या सगळ्या बायका त्यांचं ऐकायच्या. गाडी आली की त्या सगळ्यांत आधी तांब्या घेऊन नानांसमोर उभ्या राहायच्या. नाना तांब्या घ्यायचे, नाकाला लावायचे, खाली ठेवायचे. "तहान नही, अक्का."

"तीन पावसाळा व्हयनात," अक्का चारचौघांत म्हणायच्या, "या मानूसले अजून तहान लागनी नही. उंट शे का तू, नाना?"

सगळे हसायचे. नाना पण हसायचे. पण तांब्या परत नेताना अक्कांचा चेहरा मी पाहिलेला आहे. तासभर वाळूत बसून वाटीवाटीने जमवलेलं ते पाणी असायचं. आमच्याकडेही दारात आलेल्या माणसाने पाण्याला नाही म्हटलं, की आई दिवसभर उदास असायची. मी नानांना एकदा म्हटलं, की निदान एक घोट घ्या. ते म्हणाले, "आते लिधा आनि मंग गाडीमा उलटी कयी, ते तिले बरं दिखी का?"

त्या मे महिन्यात एका फेरीला वरच्या पाड्यावर आमची टाकी संपली. रांगेतल्या शेवटच्या पाच-सहा बायकांना पाणी मिळालं नाही. नाना फार खजील झाले. अक्कांनी ते मनात ठेवलं.

पुढच्या फेरीला गाडी पोचल्याबरोबर निरोप आला, की टोकाच्या घरात एक म्हातारा खाटेवरून पडलाय, त्याला उचलून आणावं लागेल. डॉक्टर आणि नाना गेले. जाताना किल्ल्यांचा जुडगा नानांनी माझ्या हातात दिला. "औषधना कपाटले लागी."

ते जाऊन थोडा वेळ झाला असेल. जमनाअक्का आल्या. त्यांच्या मागे सहा बायका. प्रत्येकीच्या डोक्यावर भरलेला हंडा.

"ताई, टाकी उघड," अक्का म्हणाल्या. "आम्हनं पानी त्याले चालत नही. गाडीले तरी चाली."

मी त्या हंड्यांकडे बघत राहिले. लुगड्याचा पदर दुहेरी करून त्यांनी पाणी गाळून आणलं होतं. पहाटेपासून सातजणी नाल्यात बसल्या असतील, तेव्हा हे सात हंडे भरले असतील. घरी पोरं तहानलेली ठेवून. "आम्हीन बठ्ठास्नी ठरावं," त्यातली एक लाजत म्हणाली, "दरखेप आम्ही पितस तुम्हनं. एक खेप तुम्ही आम्हनं."

पुस्तिकेची सगळी पानं मला पाठ होती. ओळख नसलेलं पाणी टाकीत घेऊ नका, हे वाक्य मीच नानांना वाचून दाखवलं होतं. आणि तरीही त्या सात बायकांना, डोक्यावर हंडे घेऊन उन्हात उभ्या असताना, नाही म्हणणारी जीभ माझ्या तोंडात नव्हती. मी कुलूप काढलं; वाटेतल्या पाड्यांवर पाणी वाटून टाकी जवळपास रिकामीच होती. त्यांनी एकामागून एक हंडे ओतले. शेवटचा हंडा अक्कांचा. तो ओतताना त्या म्हणाल्या, "सांगजो त्याले, उंटले पानी पाजं."

म्हाताऱ्याला आणून, डॉक्टरांच्या हवाली करून नाना मोकळे झाले तेव्हा बायका रिकामे हंडे घेऊन तिथेच, सावलीत, त्यांची वाट बघत बसल्या होत्या. अक्कांनी टाकीकडे बोट दाखवलं. नानांना सगळं एका नजरेत समजलं. ते गाडीमागे गेले, वाकले आणि त्यांनी तळाच्या कॉकला हात घातला. मी त्यांच्या मागे पळत गेले.

"नाना, नका. त्यांच्यासमोर नका ना."

त्यांचा हात तसाच राहिला. गाडीच्या आडून त्यांनी बायकांकडे बघितलं. सात रिकामे हंडे ओळीने मांडले होते. मग ते उभे राहिले, हात झटकले, पुढे गेले आणि अक्कांना हात जोडून म्हणाले, "लई झायं, अक्का." अक्का इतक्या खूश मी कधी पाहिल्या नव्हत्या.

गाडीत बसल्यावर नाना मला एवढंच म्हणाले, "वळणवर सोडी देऊत." म्हणजे घाटाच्या वळणावर, कुणाला दिसणार नाही अशा जागी, टाकी रिकामी करू. मला हायसं वाटलं. पण ज्या रस्त्याने आम्ही उतरत होतो त्याच रस्त्याने त्या बायका झिऱ्यावर निघाल्या होत्या, घरासाठी पुन्हा पाणी आणायला. झिरा होता खाली, खालच्या पाड्याजवळच्या नाल्यात. वळणावर नानांनी गाडी थांबवली, खाली उतरले, वाकले, आणि पायवाटेने आडव्या आलेल्या जमनाअक्का समोर उभ्या.

"काय व्हयनं, नाना? गाडी बिघडनी का?"

"नही अक्का. चाक देखी राहिनू."

"देख देख. मी थांबस तोपावत." आणि अक्का हंडा उपडा ठेवून त्यावर बसल्या, सोबत म्हणून. बाकीच्या बायकाही येऊन पोचल्या. नानांनी चारही चाकं पाहिली. पाचवं असतं तर तेही पाहिलं असतं. मग गाडीत बसले. आमचा रस्ता वळणावळणाचा, त्यांची पायवाट सरळ, त्यामुळे खालच्या पाड्यापर्यंत त्या बायका कधी आमच्या पुढे, कधी मागे. कुठेही आडोसा मिळाला नाही.

खालच्या पाड्यात शिरताच नानांनी नळाला रुमाल बांधला. पेले घेऊन आलेल्या लोकांना म्हणाले, "आज उपास शे." कुणीतरी म्हणालं, आज तर मंगळवार. लोक हसले. नानांनी तरीही क्लोरीनच्या औषधाचं माप मोजून टाकीत टाकलं, नेहमीपेक्षा जास्त. "औषध टाकी देस," ते पुटपुटले. "गढूय पानीमा किती लागी, देव जाने."

तेवढ्यात शेवंतीला आणलं. वीस-बावीस वर्षांची बाई, बाळंत होऊन महिना-दीड महिना झालेला. सकाळपासून उलट्या. ओठ सुकलेले, डोळे आत गेलेले. डॉक्टरांनी तिला पलंगावर घेतलं आणि मला म्हणाले, "ओआरएस बनवा, लवकर." औषधं कालवायला आम्ही उकळलेल्या पाण्याचा एक जार वेगळा ठेवायचो, तो वरच्या पाड्यावरच संपला होता. नाना पुढे आले. "साहेब, टाकीतलं पाणी नको, झिऱ्याचं आहे. चूल पेटवू, उकळून देतो."

"उकळून, निवून, कधी देणार? टाकीत औषध टाकलंय ना?" डॉक्टर माझ्याकडे वळले. "तपासा."

मी काचेच्या नळीत पाणी घेतलं, तपासणीचे थेंब टाकले. पाणी पिवळं झालं. चांगलं पिवळं. क्लोरीन होतं. मी नळी उजेडात धरली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "आहे, डॉक्टर. चालेल."

औषध टाकल्यावर अर्धा तास थांबायचं असतं. थांबून तपासायचं असतं. गढूळ पाणी क्लोरीन खाऊन टाकतं आणि पिवळा रंग सुरुवातीला फसवतो. हे सगळं मला ठाऊक होतं. औषध टाकून दहा मिनिटंही झाली नव्हती. शेवंतीची सासू माझा हात धरून उभी होती, डॉक्टर घाई करत होते, आणि उत्तर माझ्याकडे मागितलं होतं. मी उत्तर दिलं.

नानांनी पेला भरला. नाकाला लावला. डोळे मिटले. मग डोळे उघडून माझ्या हातातल्या नळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पेला माझ्या हातात दिला. म्हणाले, "शिकेल पोर सांगी राहिनी."

मी त्यात पुडी कालवली. शेवंती घोट घोट प्यायली. रुमाल सुटलेला बघून बाहेरचे लोक पेले घेऊन आले. उपास मोडला होता, आता नाही कसं म्हणणार? सहा-सात जण प्याले. नाना स्वतः मात्र ते पाणी प्याले नाहीत.

चार दिवसांनी खालच्या पाड्यात चार घरांत हगवण लागली. तिघं-चौघं बरे होऊन उठले. शेवंती त्याच आठवड्यात गेली. कागदावर उष्माघात लिहिलं गेलं. डॉक्टर मला म्हणाले, की ती घरी रोज झिऱ्याचंच पाणी पीत होती, आधीच खंगलेली होती, कशाने गेली हे कुणीही सांगू शकत नाही. ते खरंच होतं. अजूनही खरं आहे. त्याने काही फरक पडत नाही.

नाना म्हणाले, "टँकरना वखतले इचाराले गयू नही. या वखतले जास."

सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं एसटीने गेलो, फाट्यावर उतरून चाललो. त्यांनी घरोघर विचारलं. कोण कोण पाणी प्यालं, कुणाला काय झालं, किती दिवस. लोकांना वाटलं, सरकारी काम असेल. शेवटी शेवंतीच्या घरी. सासू ओट्यावर तान्ह्या नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. नाना तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"बहीन, गाडीनं पानी पीसन तिले जास्ती व्हयनं का?"

"नही रे भाऊ. ऊन लागनं तिले." सासूने पदराने डोळे पुसले. "सांगे ती माले, नानानं पानी गोड लागनं. आखरीले तेच पानी मांगे."

मग ती उठली आणि तांब्याभर पाणी घेऊन आली. झिऱ्याचं. मला दिसत होतं, खाली बारीक वाळू बसली होती. नानांनी तांब्या घेतला. नाकाला लावला नाही. उभ्याने, घटाघटा, सगळा तांब्या प्याले. मी त्यांना पाड्यावरचं पाणी पिताना पहिल्यांदाच पाहत होते.

त्यानंतर त्यांनी नोकरी सोडली. पावसाळ्यानंतर संस्थेने गाडीही बंद केली, तिची कारणं वेगळी होती. आता ती साक्रीत संस्थेच्या आवारात उभी आहे. टायर जमिनीत रुतलेत. मी एकदा आत डोकावले होते, तर पांढरी नळी खुंटीवरून घसरून खाली पडली होती, आणि एका टोकाचं बूच निघालं होतं. मी ते लावलं आणि नळी परत टांगली. का टांगली, सांगता येत नाही.

नानांना मी शेवटचं भेटले ते त्यांच्या गावी. तोपर्यंत मला जळगावात एका दवाखान्याच्या मेडिकलमध्ये काम मिळालं होतं. नाना बाजेवर होते. पोट कायमचं बिघडलेलं, हाताची कातडी सैल. स्टुलावर पाण्याचा पेला उघडाच होता, त्यात एक चिलट तरंगत होतं. नानांनी तो उचलला आणि प्यायले. मी हात धरायला गेले, तर म्हणाले, "राहू दे, माय."

तेव्हा मी बोलले. इतके महिने जे पोटात ठेवलं होतं ते. "नाना, मी तपासणीची नळी लवकर पाहिली होती. अर्धा तास थांबले नव्हते. मला ठाऊक होतं."

"माले समजनं व्हतं," ते म्हणाले. "पेला नाकले लावं ना. चिखलना वास तसाच व्हता."

"मग बोलला का नाहीत?"

नानांनी रिकामा पेला स्टुलावर परत ठेवला.

"तुनी बठ्ठास्ना समोर सांगेल व्हतं, पानी चांगलं शे. तुले बठ्ठास्ना समोर खोटी कशी पाडू?" मग दम घेऊन म्हणाले, "बायास्ना समोर पानी फेकता उनं नही. तुना समोर बी उनं नही."

त्यांच्या आवाजात माझ्याबद्दल जराही राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी जे काही थोडंफार नीट शिकले ते या माणसाकडून, आणि त्याने ज्या एका गोष्टीची आयुष्यभर धास्ती घेतली होती, ती मी त्याच्या हातून करवली. आता मी लहान मुलांच्या औषधाच्या पावडरीत पाणी घालते तेव्हा उकळून निवलेलंच घालते, पाणी तपासायचं असलं तर घड्याळ लावून अर्धा तास बसते. शेजारची मुलगी म्हणते, मॅडम फार काटेकोर आहेत.

थंडीत नाना गेले. वरच्या पाड्यावर कळवायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मी गेले. जमनाअक्का दारातच होत्या. मी सांगितलं. त्या खाली बसल्या, कपाळाला हात लावला. थोड्या वेळाने विचारलं, गाडी पुन्हा कधी येईल. मी म्हटलं, नाही येणार. त्यांनी मान हलवली. मग आत गेल्या आणि माझ्यासाठी तांब्या घेऊन आल्या. बसून बसून त्यांना काहीतरी आठवलं आणि रडता रडता त्यांच्या चेहऱ्यावर थोडं हसू आलं.

"आम्हनं पानी त्यानी कधी पिधं नही. पन त्याना गाडीमा एक खेप आम्हनं पानी गयं व्हतं," त्या जमलेल्या शेजारणींना अभिमानाने सांगत होत्या. "सात हंडा. मी सोता वती व्हतात." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ताई, तुले ते ठाऊक शे. खालना पाडाले ते पानी लोकेस्नी पिधं ना? कसं लागनं त्यास्ले?"

सगळे माझ्याकडे बघत होते. तांब्या माझ्या हातात होता. तळाशी बारीक वाळू दिसत होती.

"गोड लागलं, अक्का," मी म्हणाले, आणि तांब्या तोंडाला लावला.